‘मावशी कामाला नेते म्हणतेय’: मुलगी गाडीत बसण्याआधी काय करता येतं

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात बिबवेवाडीच्या अप्पर इंदिरानगर भागात बचतगट चालवणाऱ्या एका ताईंच्या गल्लीतली १६ वर्षांची मुलगी दहावीनंतर घरी बसली आहे. दोन गल्ल्या पलीकडची, सगळे जिला ‘मावशी’ म्हणतात अशी एक बाई तिला हैदराबादला केटरिंगच्या कामाला नेणार आहे. पगार महिना १२,००० रुपये, राहणं-खाणं तिकडेच. आईच्या हातात २०,००० रुपये आधीच ठेवले आहेत. चौकीत जाऊन सांगितलं तर ‘अजून काही घडलेलंच नाही’ असं उत्तर मिळालं. आत्ता काय करायचं, आणि वस्तीत पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करायचं?

ताई, आधी चौकीतल्या उत्तराचं बघू, कारण बहुतेक माणसं तिथूनच परत फिरतात. ते उत्तर कायद्याला धरून नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम २(१४) मध्ये ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक’ कोण ते सांगितलं आहे. जिचं शोषण झालं ती मुलगी त्यात आहेच, पण जिचं शोषण होण्याची किंवा जी तस्करीत ओढली जाण्याची शक्यता आहे तीही आहे. १८ च्या आत जिचं लग्न लावलं जाण्याचा धोका आहे तीही त्याच व्याख्येत बसते. म्हणजे बालकल्याण समितीकडे (अशा मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) जाण्यासाठी गुन्हा घडून जायची वाट पाहावी लागत नाही. पोलिसांचं म्हणाल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ प्रमाणे दखलपात्र गुन्हा घडण्याआधी तो रोखणं हे त्यांचं कामच आहे. आणि भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (१ जुलै २०२४ च्या आधी हे भारतीय दंड संहितेचं ३७० होतं) शोषणाच्या हेतूने फसवून, धाक घालून किंवा आमिष दाखवून माणसाची नुसती भरती करण्यालाही गुन्हा म्हणतं. ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती मिळवण्यासाठी दिलेले पैसेही या कलमात स्पष्ट लिहिलेले आहेत. आईच्या हातातले ते २०,००० हेच आहेत. पीडितेची संमती होती, हा बचाव चालत नाही. एक मुलगी असेल तर किमान १० वर्षं ते जन्मठेप, एकाहून जास्त मुलं असतील तर किमान १४ वर्षं.

तरी खरं सांगायचं तर या टप्प्यावर गुन्हा नोंदवण्यासाठी ताकद घालवू नका. शोषणाचा हेतू सिद्ध करणं आत्ता अवघड आहे, आणि वाद घालण्यात दोन दिवस गेले तर मुलगी निघून जाते. आत्ताचा रस्ता बालकल्याण समितीचा. १०९८ ला फोन करा. मुलांसाठीची ही हेल्पलाइन आता शासनाच्या यंत्रणेतून चालते आणि ११२ या आपत्कालीन नंबरला जोडलेली आहे. फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायला सांगता येतं. फोनवर ‘आमच्या इथं मुली विकतात’ असं मोघम बोलू नका. मुलीचं नाव, वय, शाळा, घराची खूण, नेणाऱ्या बाईचं नाव आणि मोबाइल नंबर, कुठल्या तारखेला आणि कशाने जाणार, किती पैसे कुणाला दिले, हे एवढंच, याच क्रमाने सांगा. मग हाच मजकूर एका पानावर लिहून जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्या. एक प्रत चौकीत नाही, पोलीस ठाण्यात द्या, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही, शिक्का मारलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. जाण्याची तारीख उद्या-परवाची असेल तर अर्जाआधी ११२.

आईवडिलांना समितीची फार भीती असते: ‘मुलीला रिमांड होममध्ये टाकतील.’ ती भीती आधी काढा. समिती आईवडिलांना बोलावून समजावू शकते, हमीपत्र घेऊन मुलगी त्यांच्याकडेच ठेवू शकते आणि घरी कुणी येऊन बघत राहील अशी व्यवस्था लावू शकते. घरच असुरक्षित असेल तेव्हा संस्थेचा प्रश्न येतो.

आता त्या २०,००० रुपयांबद्दल, कारण गाठ तिथे आहे. ऊसतोडीत मुकादम जी उचल देतो तीच ही. आईला ती मदत वाटते. हिशोब मांडून दाखवा, उपदेशापेक्षा त्याचा परिणाम जास्त होतो. उचल २०,०००, प्रवास आणि ‘नोंदणी’ म्हणून ४,०००, म्हणजे मुलगी पोहोचते तेव्हाच डोक्यावर २४,००० असतात. पगार १२,००० पैकी राहण्या-खाण्याचे ७,००० कापले, घरी ३,००० पाठवले की कर्जात जातात २,०००. सगळं सुरळीत चाललं तरी फेडायला १२ महिने. चार दिवस आजारी पडली तर दिवसाला ४०० प्रमाणे १,६०० कापले जातात, आणि त्या महिन्यात कर्जात जातात फक्त ४००. शिवाय हा हिशोब वहीत लिहिणारा मालक किंवा दलाल असतो. मग ‘केटरिंगमध्ये नाही फिटत, रात्रीच्या पार्टीला चल’ हे सांगायला त्याच्या हातात कारण असतं. कुलपाची गरजच पडत नाही, कर्ज पुरतं.

म्हणून पैसे परत गेले पाहिजेत, तेही लवकर. गटातल्या दहा जणींनी दोन-दोन हजार उभे केले तर एका संध्याकाळी हे होतं. परत करताना चिठ्ठी लिहा: अमुक तारखेला घेतलेले २०,००० आज परत दिले, आता देणं-घेणं नाही. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. शक्य असेल तर मावशीच्या मोबाइल नंबरवर ऑनलाइन पाठवा, म्हणजे दोघींमधला व्यवहार बँकेच्या नोंदीत येतो. ती ‘व्याज झालंय’ म्हणाली तर देऊ नका. विनापरवाना व्याजाने पैसे देणं हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ खाली गुन्हा आहे आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे होते. एवढं नुसतं बोलून दाखवलं तरी पुष्कळदा विषय संपतो.

मावशीच्या दारात घोळका करून जाऊ नका. भांडण झालं की ती मुलीला आदल्या रात्री हलवते, सिमकार्ड बदलते आणि पुढच्या वेळी दुसऱ्या वस्तीतून मुली नेते. शिवाय ती स्वतः सगळं जाणून करते असंही नसतं. पुष्कळ वेळा अशी बाई साखळीतली शेवटची कडी असते. दर मुलीमागे तिला काही हजार मिळतात आणि पुढे काय होतं ते तिला अर्धवटच ठाऊक असतं. तिचं नाव, नंबर आणि आजवर कुणाकुणाला नेलं, ही यादी शांतपणे करून पोलिसांना द्या. पुणे शहर पोलिसांच्या गुन्हे शाखेत अशी माहिती कामी येते. आधी नेलेल्या मुलींच्या घरी जाऊन एकच प्रश्न विचारा: शेवटचा फोन कधी आला, आणि तो कुणाच्या नंबरवरून?

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. वस्त्यांमधल्या बहुतेक जनजागृतीत मुलांना ‘अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नका’ असं शिकवतात. तस्करीपासून त्याने फारसं संरक्षण होत नाही. नेणारा माणूस ओळखीचा असतो: गावाकडची आत्या, आधी तिकडे गेलेली आणि आता सोनं घालून आलेली मैत्रीण, खोली मिळवून देणारा एजंट, इन्स्टाग्रामवर तीन महिने गोड बोलणारा मुलगा, ‘हुंडा नको, लग्नाचा खर्च आम्ही करू’ म्हणणारं परराज्यातलं स्थळ. उलट अनोळखी माणसाची भीती फार वाढवली की भलतंच घडतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे होते. व्हॉट्सॲपवरची ‘टोळी आली आहे’ ही पोस्ट पुढे पाठवू नका, गटातही तसा नियम करा.

लक्ष ठेवायचं ते माणसावर नाही, घराच्या अडचणीवर. दलालाला घरातली पैशाची निकड आपल्या आधी कळते, हेच त्याचं भांडवल. कोणत्या घरात आत्ता निकड आहे ते गटाला माहीत असेल तर तो पोहोचण्याआधी आपण पोहोचतो. पुण्यात अशा वेळा ठरलेल्या आहेत. दहावीचा निकाल आणि शाळा उघडण्याच्या मधला काळ. पावसाळ्यात बांधकामं मंदावतात आणि नाक्यावर उभं राहूनही आठवड्यात दोनच दिवस काम मिळतं, ते आठवडे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणारी घरं, मागे राहणारी मुलं. घरातलं मोठं आजारपण. नवरा गेल्यानंतरचे पहिले सहा महिने. आणि वस्तीवर संकट येतं तेव्हा: २०१८ मध्ये पाटील इस्टेट वस्तीला आग लागली, २०१९ च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याचा पूर आला, अशा वेळी घर, कागदपत्रं आणि शाळा एकदम हातची जातात. मदतीच्या नावाने कोण कुणाला कुठे नेतंय याची नोंद तेव्हा कुणी ठेवत नाही. तशा दिवसांत एका बाईने फक्त एवढंच काम करावं: १८ खालच्या प्रत्येक मुलामुलीचं नाव आणि आज रात्री ते कुठे झोपणार, एवढं वहीत लिहावं.

ही वही एरवीही ठेवा. शंभर घरांमागे एक वही पुरते. १० ते १८ वयाची मुलं, शाळा, यत्ता, पालकांचा नंबर. दर पंधरा दिवसांनी अंगणवाडी सेविका, आशाताई आणि महापालिका शाळेतल्या एका शिक्षिकेबरोबर अर्धा तास बसा. सलग सात दिवस गैरहजर असेल तर घरी जायचं. शाळाबाह्य मुलांसाठी शिक्षण खात्यात ‘बालरक्षक’ शिक्षक असतात, त्यांचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कुटुंब कामासाठी गाव सोडत असेल तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे जिथे जातील तिथे मुलाला दाखल करून घेता येतं. वही गल्लीत फिरवू नका. ‘अमक्याची मुलगी अमक्याबरोबर बोलते’ असलं त्यात लिहायला लागलात तर महिन्याभरात कुणी तुम्हाला खरं सांगणार नाही, आणि त्या मुलीचं लग्न घाईघाईने उरकलं जाईल.

मुलींचे फोन काढून घेणं, संध्याकाळी सहाच्या आत घरात, क्लास बंद, हे सगळं वस्तीत ‘सुरक्षा’ म्हणून होतं आणि त्यातून उलटंच घडतं. फोन काढून घेतलेली मुलगी मैत्रिणीच्या फोनवरून बोलते, आणि अडचणीत आली की घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर आपल्यालाच शिक्षा होणार हे तिला ठाऊक असतं. त्यापेक्षा एक मोठी बाई नेमा, शक्यतो आई नसलेली, जिला मुलगी काहीही सांगेल आणि जी रागावणार नाही.

निकड निघाली की पैशाची सोय तयार हवी. वीस जणींनी आठवड्याला ५० रुपये टाकले तर आठवड्याला १,००० जमतात, वीस आठवड्यांत २०,०००. म्हणजे एक उचल परत करण्याइतके. हा निधी गटाच्या नेहमीच्या कर्जापासून वेगळा ठेवा. सण, मोबाइल, मंडप यांसाठी त्यातून एक रुपया काढायचा नाही. दवाखाना, घरभाडं, परीक्षेची फी, उचल परत करणं, एवढीच चार कारणं. निर्णय २४ तासांत, फेड दहा हप्त्यांत. अशा निधीचं बिघडतं ते दोन ठिकाणी: पहिल्याच वर्षी गणपतीत उसने घेतले जातात, किंवा मंजुरीला तीन बैठका लागतात. सावकार दहा मिनिटांत पैसे देतो, त्याच्याशी आपली शर्यत आहे. सोबत सरकारी आधारही मिळवून द्या. एकल पालकाच्या मुलांना क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. वर्षाचे ते २७,००० होतात. हातात आलेल्या उचलीपेक्षा जास्त.

जाणारी मुलगी १८ च्या वर असेल तर गोष्ट वेगळी. तिला अडवण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि बाहेरगावची पुष्कळ कामं खरीही असतात. तिला जाऊ द्या, पण तपासून. (१८ च्या आतल्या मुलीने घराबाहेर राहून काम करायचं, याला तपासण्याची गरजच नाही. तिथे नाही म्हणायचं.) मालकाचं नाव आणि धंद्याचा पूर्ण पत्ता मागा. ‘सिकंदराबाद स्टेशनजवळ’ हा पत्ता नव्हे. दुकान नोंदणीचा किंवा जीएसटीचा नंबर मागा, जीएसटी नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की नाव दिसतं. मालकाशी व्हिडिओ कॉलवर बोला आणि कामाची व झोपण्याची जागा दाखवायला सांगा. तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या मुलीशी मराठीत किंवा तिच्या भाषेत एकटीशी बोलू द्या म्हणावं. खरा मालक यातल्या एक-दोन गोष्टींना कंटाळेल, पण सगळ्यांना नाही म्हणणार नाही. ‘आज रात्रीच निघायचंय, जागा भरेल’ ही घाई दिसली की थांबायचं. तिकीट कुणाच्या मोबाइलवर आहे ते बघा. ते मुलीच्या फोनवर हवं. मूळ आधार, दाखला, बँकेचं पुस्तक कुणाच्या हाती द्यायचं नाही, झेरॉक्स द्यायची. पगार तिच्याच नावच्या खात्यात. परतीच्या भाड्याचे पैसे, म्हणजे साधारण १,००० ते १,५०० रुपये, तिच्याकडे वेगळे शिवून ठेवलेले.

निघण्याआधी घरात चार गोष्टी ठेवून घ्या: समोरून काढलेला अलीकडचा फोटो, तिच्या मोबाइलचा आयएमईआय नंबर (*#०६# दाबला की दिसतो), इन्स्टाग्राम व गुगल खात्याचं नाव, आणि सोबत जाणाऱ्याचा फोटो. फोन कोणत्या वारी करायचा ते ठरवा आणि एक वाक्य ठरवा, उदाहरणार्थ ‘आजीच्या गुडघ्याचं औषध आणलं का?’ शेजारी कुणी उभं असताना तिने हे विचारलं की समजायचं, अडचण आहे. घरच्याने मग ‘आणलं’ एवढंच म्हणावं, प्रश्न विचारू नयेत, आणि ११२ फिरवावा.

वयाचा पुरावा जपा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा किंवा बोर्डाचा दाखला धरतात, तो नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. आधार कार्ड त्या यादीत नाही. दलाल नेमकं आधारवरचं वय वाढवून घेतात आणि छाप्यात ‘ही तर १९ ची आहे’ म्हणून दाखवतात. शाळेच्या दाखल्याची एक प्रत गटाच्या कपाटात असली की हा डाव फसतो.

परदेशी नोकरीचं थोडक्यात. परवानाधारक भरती एजंटचं नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर सापडलं पाहिजे, आणि त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतं. टुरिस्ट व्हिसावर नोकरी होत नाही. आखाती देशांत घरकामाला ३० वर्षांखालच्या बाईला ईसीआर पासपोर्टवर (ज्यावर नोकरीसाठी जायला आधी सरकारी परवानगी लागते) पाठवता येत नाही. थायलंडमध्ये ‘डेटा एंट्री’ म्हणून नेलेल्या शिकलेल्या मुलांना म्यानमारच्या सीमेवर सायबर फसवणुकीच्या कामाला डांबल्याचे प्रकार उघड झाले आहेत, तेव्हा हा धोका फक्त मुलींचा आहे असं समजू नका.

मुलग्यांकडे एरवीही दुर्लक्ष होतं. बेकरीत, हॉटेलात राहणारा ‘बारक्या’, वीटभट्टीवर उचलीपोटी राबणारं अख्खं कुटुंब, सिग्नलवर भीक मागायला भाड्याने दिलेलं तान्हं मूल, हे सगळं त्याच कायद्यात येतं. भीक मागायला लावणं कलम १४३ च्या शोषणाच्या व्याख्येत आता शब्दशः आहे. १४ खालच्या मुलाला कामावर ठेवणं पूर्ण बंद आहे, १४ ते १८ ला धोक्याचं काम बंद. वेठबिगारी असेल तर अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा आणि मुक्तीचा दाखला मागायचा. पुनर्वसनाची रक्कम त्याच दाखल्यावर अडलेली असते, आणि सुटका झाल्यावर घाईत तोच घ्यायचा राहून जातो.

बुधवार पेठेबद्दल, म्हणजे पुण्यातल्या देहविक्रयाच्या वस्तीबद्दल, आपल्याकडे एक गैरसमज फार आहे. तिथल्या बायकांना आपण संशयित धरतो. सज्ञान बाईने स्वतःच्या मर्जीने केलेला देहविक्रय गुन्हा नाही आणि तिला पोलिसी त्रास देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात सांगितलं आहे. एखादी नवी, घाबरलेली, कोवळी मुलगी गल्लीत आणली गेली तर ते पहिल्यांदा याच बायकांच्या लक्षात येतं. त्यांच्या संघटनेशी आणि तिथे काम करणाऱ्या संस्थांशी ओळख ठेवा. आणि आता हा धंदा फक्त पेठेत राहिलेला नाही. लॉज, मसाज पार्लर, उपनगरातले भाड्याचे फ्लॅट इथे तो पसरला आहे, त्यामुळे सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या आणि कचरा गोळा करणाऱ्या बायका जे पाहतात ते कुठल्याही कॅमेऱ्याला दिसत नाही. त्यांना १०९८ आणि ११२ हे दोनच नंबर पाठ असले तरी पुष्कळ आहे.

आणि मुलगी गेलीच तर? पहिले काही तास सगळं ठरवतात. पुण्याहून हैदराबादला रेल्वे साधारण ९ ते १२ तासांत पोचते. ‘२४ तास थांबा, मैत्रिणीकडे गेली असेल’ असा कोणताही नियम कायद्यात नाही. ११२ ला लगेच फोन करा, कारण त्या फोनची वेळ नोंदली जाते. रेल्वेने गेली असेल तर १३९ वर रेल्वे सुरक्षा दलाला कळवा, गाडीचं नाव माहीत असेल तर पुढच्या स्टेशनवर डबा बघता येतो. दोघांना स्वारगेट, संगमवाडीचा ट्रॅव्हल्सचा तळ आणि पुणे स्टेशन इथे पाठवा, बाकीचे ठाण्यात. मुलगी १८ खालची असेल तर नुसती ‘मिसिंग’ची नोंद घेऊन बाहेर पडू नका. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये सांगितल्याप्रमाणे हरवलेल्या प्रत्येक बालकाबाबत गुन्हा नोंदवावाच लागतो, आणि तिला पळवून नेलं आहे असं धरून तपास सुरू होतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती हातात घ्या. ‘हे पिंपरी-चिंचवड हद्दीत येतं’, ‘हे ग्रामीणचं आहे’ हे कारण चालत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि तो पुढे ते वर्ग करतात. नाहीच घेतला तर त्याच दिवशी परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी अर्ज, तोही शिक्क्यासह.

जबाबात काय लिहिलं जातं याकडे लक्ष द्या. ‘घरात भांडून निघून गेली’ एवढंच लिहिलं की तपास तिथेच थंडावतो. नेणाऱ्याचं नाव, नंबर, दाखवलेलं काम, दिलेले पैसे हे शब्दांत आलंच पाहिजे, तरच कलम १४३ लागतं. आई-बाप इथे गप्प बसतात, कारण आपण पैसे घेतले म्हणजे आपणच आत जाऊ असं त्यांना वाटतं. १५१०० ला फोन केला की विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, त्याच्यासमोर त्यांना बोलू द्या. मुलीच्या घरातला फोन कुणी ‘साफ’ करू नये. चॅटचे स्क्रीनशॉट नंबर आणि वेळ दिसेल असे काढा, मूळ संदेश तसेच राहू द्या. पत्ता कळला म्हणून पोरं घेऊन स्वतः सोडवायला जाऊ नका. मालक मागच्या दाराने मुलीला हलवतो, आणि मग छाप्यात खोली रिकामी सापडते.

सापडली की तिचा फोटो सगळ्या ग्रुपमधून काढा. पीडित बालकाची ओळख उघड करणं बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ खाली आणि लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सोच्या कलम २३ खाली गुन्हा आहे. तिला २४ तासांत बालकल्याण समितीसमोर हजर करावं लागतं, समितीची बैठक नसेल तर एका सदस्यासमोरही चालतं. घरी आल्यावर पहिले पंधरा दिवस कुणीही ‘नेमकं काय झालं’ विचारायचं नाही. तो जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर एकदा होतो, गल्लीत दहा वेळा नव्हे. भरपाईसाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. बलात्कार किंवा पॉक्सोचा गुन्हा असेल तर मनोधैर्य योजनेतून १० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, निकालाची वाट पाहावी लागत नाही.

आणि ज्या अडचणीमुळे ती गेली ती घरात तशीच बसलेली असते. त्यामुळे परत आल्यानंतर तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात घरी जाऊन बसण्याच्या तारखा वहीत आधीच लिहून ठेवा. शाळा सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसता येतं, त्याची मुदत बोर्ड दरवर्षी जाहीर करतं आणि ती चुकली की वर्ष जातं. तुमच्या गल्लीतल्या मुलीची दहावी झाली आहे. अकरावीच्या प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या असतील तरी जवळच्या कॉलेजात आणि आयटीआयमध्ये रिकाम्या जागांची चौकशी याच आठवड्यात करा, आणि पैसे परत करायला जाल तेव्हा आईच्या हातात तो प्रवेशाचा कागद असू द्या.